आधी पाय पुढे करा

योहानकृत शुभवर्तमान, अध्याय १३ : एक मनन

हे मनन घाईने वाचायचं नाही. शक्य असेल तर पवित्र शास्त्र शेजारी उघडं ठेवा आणि हा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत एकदा मोठ्याने वाचा. मग इथे परत या. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा. एखाद्या वाक्यापाशी मन अडलं तर तिथेच राहा, उरलेलं उद्या वाचा.

बसताना मन रिकामं करण्याची खटपट करू नका. अर्धं टाकून आलेलं काम, आज टोचून बोललेलं माणूस, आठवडाभर मनात घोळत असलेला राग हे सगळं घेऊनच बसा. त्या माणसाची आज गरज पडणार आहे.

मनातल्या मनात एवढंच म्हणा : प्रभू, त्या रात्री तू ज्या खोलीत होतास तिथे मलाही जागा दे.

पंगत

खोली डोळ्यांपुढे आणा. यरुशलेमातली माडीवरची खोली. वल्हांडण सण तोंडावर आलेला, शहर यात्रेकरूंनी भरून गेलेलं. संध्याकाळ. त्या काळच्या रीतीप्रमाणे सगळे डाव्या कोपरावर टेकून, आडवे होऊन जेवताहेत. तोंडं अन्नाकडे आहेत, पाय मागच्या बाजूला पसरलेले आहेत.

आता माणसं बघा, एकेक करून. हा मत्तय, कालपरवापर्यंत जकातनाक्यावर बसणारा, ज्याच्या धंद्याला सगळं गाव शिव्या घालत असे. त्याच पंगतीत शिमोन आहे, ज्याच्या नावामागे ‘जिलोत’ लागलेलं आहे. धर्मासाठी आणि देशासाठी पेटून उठणाऱ्यांची ती ओळख. हे दोघे एरवी एका रस्त्याने चालले नसते. हे याकोब आणि योहान, जब्दीचे मुलगे; प्रभूच्या राज्यात उजवी-डावीकडची जागा आपल्याला मिळावी म्हणून त्यांनी आधीच शब्द टाकून ठेवला आहे, आणि बाकीच्या दहा जणांना त्याचा राग आलेला आहे. हा पेत्र, आधी बोलणारा आणि मग विचार करणारा. हा थोमा. आणि हा यहूदा, सगळ्यांची पैशांची थैली सांभाळणारा. आपल्यात मोठा कोण, यावरून याच जेवणाच्या वेळी त्यांच्यात वाद झाला असं लूक सांगतो.

या माणसांनी एकमेकांना निवडलेलं नाही. त्यांना निवडलं ते एकाने, आणि त्याने निवडलं म्हणून ते एकमेकांच्या शेजारी येऊन पडले आहेत.

इथे थांबा. आता तुमची पंगत आठवा. घरात तुमच्या शेजारी कोण बसतं? मंडळीत कोण? कामाच्या ठिकाणी कोण? ज्यांना तुम्ही आपणहून कधी निवडलं नसतं अशी दोन-तीन नावं मनात घ्या. नुसतं ‘शेजारी’ किंवा ‘बंधुभगिनी’ म्हणू नका, नाव घ्या. सगळ्या मानवजातीवर प्रेम करणं तसं सोपं असतं, कारण मानवजात आपल्या स्वयंपाकघरात येत नाही, आपलं बोलणं मध्येच तोडत नाही. प्रभूने एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली ती या पंगतीला.

घंगाळ

जेवण चालू असताना येशू उठतो. योहान इथे एकेक हालचाल सांगतो, म्हणून आपणही तितक्याच सावकाश पाहू या. तो अंगावरचं वस्त्र उतरवून बाजूला ठेवतो. रुमाल घेऊन कमरेला बांधतो. घंगाळात पाणी ओततो. मग पंगतीच्या मागून, जिथे पाय आहेत त्या बाजूने, एकेकापाशी जाऊन वाकतो. पाय धुतो आणि कमरेच्या रुमालाने पुसतो.

चपला घालून धुळीच्या वाटा तुडवलेले पाय आहेत हे. कोळ्यांचे पाय, टाचांना भेगा पडलेले. ते धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम. त्या रात्री नोकर नव्हता, आणि मोठा कोण यावर वाद घालणाऱ्या बारांपैकी कोणालाही उठावंसं वाटलं नाही.

आपल्याकडे पायांशी वाकण्याची एक ठरलेली दिशा आहे. धाकटे थोरांच्या पाया पडतात. मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात, यजमान पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतो. मान ज्याचा, पाय त्याचे. म्हणून हे दृश्य मराठी मनाला जरा जास्तच अस्वस्थ करायला हवं. इथे गुरू शिष्यांच्या पायांशी बसला आहे. आणि तो स्वतःला लहान समजून बसलेला नाही. पित्याने सगळं काही आपल्या हाती दिलं आहे हे त्याला ठाऊक होतं, असं योहान आधी सांगतो आणि मग वस्त्र उतरवून ठेवल्याचं सांगतो. ज्या हातांत सगळं दिलेलं आहे त्या हातांनी तो एका कोळ्याची टाच चोळतो आहे.

आणखी थोडं थांबा, कारण पुढचे पाय यहूदाचे आहेत. यहूदा बाहेर जातो तो पाय धुऊन झाल्यानंतर. त्याला वगळल्याचं योहानाने कुठेही म्हटलेलं नाही. काय होणार हे येशूला माहीत होतं, आणि माहीत असूनही त्याने ते पाय हातात घेतले. थोड्याच वेळात हेच पाय त्याला पकडून देण्यासाठी अंधारात चालत जाणार होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यहूदाचे पाय धुणं म्हणजे अन्यायाला मूक संमती देणं नव्हे. त्याच पंगतीत येशूने उघडपणे सांगितलं की तुमच्यापैकी एक जण मला धरून देणार आहे, आणि ते सांगताना तो आत्म्यात व्याकूळ झाला होता. त्याच्या प्रीतीने सत्य झाकून ठेवलं नाही. घरात मारझोड सोसणाऱ्या बाईला ‘प्रीती कर आणि गप्प राहा’ असं या अध्यायाचा आधार घेऊन कोणी सांगत असेल, तर तो प्रभूच्या नावाने खोटं बोलतो आहे.

आता डोळे मिटा आणि मघाच्या नावांपैकी एका नावापाशी थांबा. येशू त्या माणसाच्या पायांशी बसला आहे असं पाहा. तुम्ही काही करू नका, काही म्हणू नका. तो ते पाय कसे हातात घेतो, एवढंच बघा.

पेत्राचा नकार

आता येशू पेत्रापाशी आला आहे. पेत्र पाय मागे घेतो. प्रभू, तू माझे पाय धुणार? कधीच नाही. वरवर पाहता हा आदरच आहे. आपणही असंच म्हटलं असतं, आणि चार लोकांनी आपल्या नम्रतेचं कौतुक केलं असतं. पण येशूचं उत्तर कठोर आहे : मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला काही वाटा नाही.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढा कठोर शब्द का? यावर पुष्कळ वेळ घालवण्यासारखा आहे.

पेत्र प्रभूसाठी प्राण द्यायला तयार आहे. याच अध्यायाच्या शेवटी तो तसं बोलून दाखवतो. त्याला देता येतं, लढता येतं, तलवार उपसता येते. त्याला जमत नाही ती एकच गोष्ट : स्वस्थ बसून आपला मळका पाय दुसऱ्याच्या हातात देणं. देणारा वर असतो. घेणाऱ्याला आपलं उणेपण दाखवावं लागतं. म्हणून सेवा करणं पुष्कळांना साधतं आणि सेवा करून घेणं फार थोड्यांना. पण जो फक्त देतो आणि कधीच घेत नाही, त्याच्याभोवती उपकृत माणसांची गर्दी जमते. भाऊबहिणी मिळत नाहीत.

पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. ज्यांची निवड झालेली असते ते बहुधा घरून पाय स्वच्छ घासून येतात. ते साहजिकच आहे, मीही तसंच केलं असतं. पण आपलं बरंचसं ख्रिस्ती जीवन असंच चाललेलं असतं. आपण मंडळीत येतो ते धुतलेले पाय घेऊन. मुलाचं व्यसन, थकलेलं कर्ज, नवऱ्याशी महिनाभर बंद असलेलं बोलणं, देवावरचा डळमळलेला विश्वास हे सगळं घरी ठेवून येतो. ‘कसं काय?’ असं कोणी विचारलं की ‘प्रभूच्या कृपेने ठीक’ म्हणतो. मग एकमेकांसाठी वाकायचं तरी कशासाठी? धुण्यासारखं काही आपण पुढे केलेलंच नसतं.

आता एक अध्याय मागे जा. बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, येशू बेथानीत जेवायला बसला आहे. मरीया जटामांसीचं मोलाचं सुगंधी तेल आणते, त्याच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी ते पाय पुसते. यहूदाला ही उधळपट्टी वाटते. येशू पाय मागे घेत नाही. ‘याची काही गरज नव्हती’ असं म्हणत नाही. ती जे देते आहे ते तो घेतो आणि टीका करणाऱ्याला थांबवतो. त्याही आधी, चौथ्या अध्यायात, शोमरोनातल्या विहिरीपाशी थकून बसलेला तो एका परक्या बाईकडे पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो याचंच तिला नवल वाटतं.

शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूने स्वतःचे पाय आधी दुसऱ्याच्या हातात दिले होते. जिवंत पाणी देणाऱ्याने आधी पाणी मागितलं होतं. प्रीती करून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही.

थांबा. आता येशू तुमच्यापाशी आला आहे. तुमचा कोणता पाय तुम्ही वस्त्राखाली ओढून घेता आहात? सांगायची लाज वाटते असं काय आहे? त्याला ते दिसतंच आहे. हात पुढे करून तो वाट पाहतो आहे.

आज्ञा

पाय धुऊन झाले. येशू पुन्हा वस्त्र घालून बसला. मी प्रभू आणि गुरू असून तुमचे पाय धुतले, तर तुम्हीही एकमेकांचे धुतले पाहिजेत, असं त्याने सांगितलं. मग भाकरीचा तुकडा घेऊन यहूदा बाहेर गेला. योहान तिथे एवढंच नोंदवतो की रात्र होती.

त्यानंतर नवी आज्ञा येते : एकमेकांवर प्रीती करा, आणि ती कशी, तर जशी मी तुमच्यावर केली तशी. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा लेवीयाच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आधीपासून होती. इथे नवं आहे ते माप. तिथे माप मी होतो. इथे माप तो आहे. आणि हे माप त्यांनी नुकतंच अनुभवलेलं आहे. पायांवरचं पाणी अजून पुरतं वाळलेलंही नसेल.

आज्ञा कुठे येते ते नीट पाहा. तिच्या आधी यहूदा उठून गेला आहे. तिच्यानंतर लगेच येशू पेत्राला सांगतो की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. एका बाजूला विश्वासघात, दुसऱ्या बाजूला नकार, आणि मध्ये ही आज्ञा. ज्या अकरांना ती मिळाली ते सगळे त्याच रात्री पांगणार होते, आणि ती देणाऱ्याला हे माहीत होतं.

म्हणून ही आज्ञा आधीच चांगल्या झालेल्या माणसांसाठी नाही. ‘माझ्यात एवढं प्रेम नाही’ असं म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवत असाल, तर तुमची आणि पेत्राची स्थिती एकच आहे, आणि त्यालाही ती मिळालीच होती. प्रीतीची सुरुवात आपल्या अंतःकरणाच्या साठ्यातून होत नाही. आधी त्याने धुतलं, मग आपण धुवायचं. योहानाच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम आहे : त्याने आधी प्रीती केली म्हणून आपण करतो. आणि तेच पत्र पुढे बजावतं की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याने न दिसणाऱ्या देवावरच्या प्रीतीची भाषा करू नये.

आज्ञा घरोघरी

पहिल्या मंडळीला ही आज्ञा सहज साधली नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार येते की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात आहे. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे म्हटलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातांची नावं पाहिली तर स्तेफन, फिलिप यांच्यासकट सगळी ग्रीक आहेत. ज्यांची गाऱ्हाणी होती त्यांच्याकडेच वाटपाचं काम आलं. प्रीतीने नीट व्यवस्था लावली आणि अधिकार सोडला.

करिंथमध्ये तर प्रभुभोजनच फाटलं होतं. पोटभर असलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, आणि तो तिथे शोभतोही. पण तो लिहिला गेला या भांडणाऱ्या मंडळीसाठी, इ.स. ५५च्या सुमारास. प्रीती सहनशील आहे, ती स्वार्थ पाहत नाही हे पौल नवपरिणितांना सांगत नव्हता. एका ताटात जेवायला तयार नसलेल्या माणसांना सांगत होता.

मराठी मंडळीत हा प्रश्न जातीच्या रूपाने आला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग संसारात परतल्या, पण अन्नपाण्याचं सोवळं घेऊन. ते कसं सुटलं हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिलं आहे. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे विचार करता करता त्यांना पटलं, आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला.

त्या पावलाकडे नीट बघा. वरच्या जातीच्या बाईने खालच्या मानलेल्या माणसाला अन्न दिलं असतं, तर तो धर्म ठरला असता आणि जात जागच्या जागी राहिली असती. दिल्याने जात मोडत नाही. ती मोडते दुसऱ्याच्या हातून घेतल्याने. विहिरीपाशी बसलेल्या प्रभूने हेच केलं होतं. आणि आजही आपल्या मंडळ्यांमध्ये एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक जुळवताना मूळ कुठलं याची चौकशी करतात, तेव्हा आपले पाय अजून वस्त्राखालीच आहेत हे कबूल करायला हवं.

स्वतःला विचारण्यासाठी

पुढचे प्रश्न एकामागून एक वाचू नका. प्रत्येकापाशी जरा वेळ राहा.

मी कोणासाठी नेहमी करतो, पण त्याच्याकडून कधी काही घेत नाही? का घेत नाही?

माझ्या घरात पाय धुण्याचं काम, म्हणजे ज्याची कोणी दखल घेत नाही असं रोजचं काम, कोण करतं? मी ते शेवटचं कधी केलं?

मंडळीत कोणाची तक्रार मी कुरकुर म्हणून उडवून लावली?

कोणाच्या घरचं पाणी प्यायला माझं मन अजून आखडतं?

माझा नकार, माझी चूक ठाऊक असूनही माझ्याशी पहिल्यासारखंच वागणारं कोणी आहे का? त्या माणसाचे आभार मी मानले आहेत का?

एक संकल्प

सेवेचे संकल्प आपण पुष्कळदा करतो. या वेळी उलट बाजूने सुरुवात करा. या आठवड्यात एका माणसाकडे काही मागा : मदत, सल्ला, प्रार्थना किंवा क्षमा. शक्यतो अशा माणसाकडे, ज्याच्याकडे मागणं तुम्हाला जड जातं. मागताना कारण लपवू नका. मग त्याच आठवड्यात, कोणाला न सांगता, दुसऱ्या कोणासाठी एक कष्टाचं आणि कमी मानलं जाणारं काम करा : आजारी माणसाचं अंथरूण बदला, म्हाताऱ्या शेजाऱ्याला दवाखान्यात नेऊन रांगेत बसा, चर्चमधलं जेवण झाल्यावर भांडी घासा. क्रम मात्र बदलू नका. आधी पाय पुढे करायचे आणि मग वाकायचं.

प्रार्थना

प्रभू येशू, माझ्या पंगतीत तू बसवलेली माणसं मी आज तुझ्यापुढे नावानिशी आणली आहेत. तू त्यांचे पाय हातात घेतलेस ते मी पाहिलं. माझेही घे. जे मी झाकून ठेवलं होतं ते आता झाकत नाही. ज्यांच्यापुढे वाकायला मन तयार नाही त्यांच्यापुढे वाकायचं बळ दे, आणि ज्यांच्याकडून घ्यायला लाज वाटते त्यांच्याकडून घेण्याची नम्रता दे. आमच्या मंडळीत ज्यांना डावललं गेलं आहे त्यांचं म्हणणं आमच्या कानी पडू दे. आम्ही पांगलो तर आम्हाला पुन्हा एकत्र आण, जसं तू त्या अकरांना आणलंस. आणि आम्ही तुझे शिष्य आहोत हे आमच्या पंगतीवरून लोकांना ओळखू येऊ दे. आमेन.